भात, तांदूळ, भात

पदवीच्या इतर विषयांना विद्यार्थी शाळेची शिदोरी घेऊन येतो. इतिहास घेणाऱ्याने शिवकाल आणि फ्रेंच राज्यक्रांती दहावीच्या आतच ऐकलेली असते, अर्थशास्त्र घेणाऱ्याला मागणी-पुरवठा निदान नावाने माहीत असतो. परदेशी भाषा घेणाऱ्याची झोळी मात्र बहुधा रिकामी असते. अठराव्या वर्षी, मतदानाचा हक्क मिळालेल्या वयात, तो पुन्हा मुळाक्षरांना बसतो. जपानीसाठी चौकटींची वही लागते. त्या चौकटींत आधी हिरागानाची ४६ अक्षरे बसवायची, मग काताकानाची तेवढीच, आणि त्यानंतर कांजी, जी आयुष्यभर पुरते. जर्मन आणि फ्रेंचची लिपी इंग्रजीमुळे ओळखीची असते, त्यामुळे तिथे फसगत अधिक होते. अक्षर तेच, उच्चार भलताच.

या अभ्यासातली खरी अडचण व्याकरणाची नसते, वयाची असते. मराठीत तलाठ्याशी सातबाऱ्यावरून हुज्जत घालू शकणारी मुलगी जर्मनच्या वर्गात वर्षभर ‘माझे नाव अमुक, मी कर्जतला राहते, मला दोन भाऊ आहेत’ एवढ्यावरच अडकून पडते. डोक्यातला विचार वीस वर्षांचा आणि तोंडातले वाक्य चार वर्षांचे. हे सहन होत नाही म्हणून पहिल्या सहामाहीत कितीतरी जण विषय सोडतात. जे टिकतात ते हुशार असतातच असे नाही. हसे झाले तरी चालेल, असे ज्यांना वाटते ते टिकतात.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा विषय अंतराचाही आहे. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे आणि खोपोलीला के. एम. सी. अशी पदवी महाविद्यालये आहेत, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. कला शाखा म्हटली की मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र ही नेहमीची यादी. फ्रेंच किंवा जर्मन मुख्य विषय घेऊन पदवी करायची, तर एक तर लोकल धरावी लागते किंवा घाट चढावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात फ्रेंच, जर्मन आणि रशियनचे विभाग आहेत. त्यासाठी कर्जतहून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस. खोपोलीच्या विद्यार्थ्याला आधी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशी शाखामार्गाची स्थानके घेत कर्जत गाठावे लागते आणि चुकली गाडी की पुढची लवकर नसते. दुसरी दिशा पुण्याची. तिकडे जाणाऱ्या गाड्या घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडून घेतात, म्हणून त्या इथे थांबतात. गाडीच्या या गरजेतून कर्जतकरांची सोय झाली. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात जर्मन-फ्रेंच विषय घेऊन बी. ए. होता येते, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी मिळते.

प्रत्यक्षात बरेच जण मधली वाट काढतात. पदवी गावातल्या महाविद्यालयातून, वाणिज्य नाहीतर संगणकाची, आणि भाषा बाजूने, प्रमाणपत्र परीक्षेच्या पायऱ्यांनी. मग बोलणेही त्या पायऱ्यांचे होते. ‘रानडेला जर्मन करतेय’, ‘मॅक्सम्युलरला ए-टू झालं’, ‘एन-फोर सुटला, आता एन-थ्री’. ए-वन ते सी-टू ही युरोपीय भाषांची शिडी युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतून आली. जपानीची एन-फाइव्ह ते एन-वन ही पाच पायऱ्यांची परीक्षा आजच्या रूपात २०१० पासून आहे. या शिडीने एक चांगले केले, कुणाला किती येते याचे माप सगळ्या जगात एक झाले. वाईट हे की माप हाच अभ्यास झाला.

पदवीचे काम या शिडीपलीकडचे असायला हवे. भाषेच्या पदवीत ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे ही चार कौशल्ये आधी येतात, पण पुढच्या वर्षांत त्या देशाचा इतिहास, साहित्य, भाषाविज्ञान आणि अनुवाद हे विषय येतात आणि तिथे अभ्यासाला वजन येते. प्रमाणपत्रवाल्याला स्टेशनवर तिकीट मागता येते. पदवीवाल्याने ते स्टेशन कधी आणि कशासाठी बांधले, युद्धात ते का पाडले गेले आणि त्यावर कुणी कविता लिहिली, हेही सांगावे, अशी अपेक्षा असते. ती प्रत्येक वेळी पुरी होते असे नाही.

मराठी बोलणाऱ्याला या भाषांत कुठे सोपे जाते आणि कुठे अडते, हे पाहण्यासारखे आहे, कारण पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली असतात. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रजी भाषकाला घाम फुटतो. हिंदी भाषकालाही तिसरे लिंग नवेच. मराठीला तो, ती, ते जन्मापासून आहेत. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून बाकीचा वर्ग हसतो, पण ज्या घरात आजी नातीला ‘ते पोरगं कुठं गेलं’ म्हणून शोधते, तिथल्या मुलीला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. लिंगे तीन असणे पटते. कोणत्या शब्दाला कोणते, ते मात्र पाठच करावे लागते. जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, तर फ्रेंच सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी.

उच्चारांतही अशीच एक ठेव आहे. मराठीत ‘च’ दोन आहेत, लिहिताना एक. गुरांचा चारा म्हणताना जीभ दातांना लागते, आकडा चार म्हणताना टाळूला. हा दाताचा च म्हणजेच जर्मन भाषेतल्या झेड या अक्षराचा उच्चार. वेळ या अर्थाचा त्साइट, रेल्वेगाडी या अर्थाचा त्सूक. जपानी ‘त्सु’ही त्याच घरचा. इंग्रजी माध्यमातून आलेली मुले तिथे ‘झ’ किंवा ‘स’ म्हणतात आणि दुरुस्त होत राहतात. गावाकडून आलेल्याला फक्त ‘चाऱ्यातला च’ एवढे सांगितले की काम होते. हे सांगणारा शिक्षक मराठी असावा लागतो, एवढीच अट.

आदराची गोष्टही तशीच. जर्मनमधले दू आणि झी, फ्रेंचमधले त्यू आणि व्हू यांचे नियम इंग्रजीतून शिकवायला पान दीड पान लागते. मराठीत ‘तू आणि तुम्ही’ एवढे पुरते, वर हेही कळते की देवाला आणि आईला एकेरी का चालते. जर्मन माणूसही देवाला एकेरीच हाक मारतो. उलट मराठीजवळ जे आहे आणि तिकडे नाही, ते अनुवादाच्या तासाला समजते. ‘आम्ही निघालो’ आणि ‘आपण निघू’ यांतला फरक, म्हणजे समोरच्याला धरून की वगळून, जर्मन आणि फ्रेंच सर्वनामांत बसत नाही. दोन्हीकडे एकच ‘आपण-आम्ही’. ज्या भाषेत हा फरक आहे ती बोलणारा तो वापरतो खरा, पण तो आहे हे त्याला परक्या भाषेत शिरल्यावरच कळते.

पाठ्यपुस्तकातली संस्कृती हा वेगळा विषय. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात बहुधा एक कुटुंब असते. ते उपाहारगृहात पदार्थ मागवते, हॉटेलात खोली राखून ठेवते, रस्ता विचारते आणि जुलैत सुट्टीवर जाते. संवादातला कुणीतरी खिडकीतून पाहून म्हणतो, आज हवा छान आहे, म्हणजे ऊन पडले आहे. पाऊस आला की हवा खराब. हे वाक्य कर्जतच्या मुलीने पाठ करायचे, त्याच जुलैत तिच्या घरची माणसे गुडघाभर चिखलात आवणी करत असतात आणि चार दिवस ऊन पडले तर रोपे पिवळी पडतील म्हणून आभाळाकडे पाहत असतात. हवामान हा प्रत्येक भाषेतला सोप्यात सोपा धडा समजला जातो. तो सोपा फक्त शब्दांनी असतो.

मग येतो तांदूळ. फ्रेंचमध्ये री, जर्मनमध्ये राइस, इंग्रजीत राइस. एकेक शब्द, शेतातल्या पिकालाही तोच, पोत्यातल्या दाण्यालाही तोच आणि ताटातल्या अन्नालाही तोच. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या वाणांना गावाचेच नाव आहे, कर्जत-३, कर्जत-७ असे. इथे शेतात उभा असतो तो भात, कांडून निघतो तो तांदूळ आणि शिजला की पुन्हा भात. त्याखेरीज कण्या, पेज, तूस, कोंडा. ‘भात झोडला’ आणि ‘भात वाढला’ या दोन वाक्यांतला भात एकच शब्द असूनही कुणाचा गोंधळ होत नाही, कारण मधे जे घडते ते सगळ्यांनी पाहिलेले असते. फ्रेंचमध्ये हे सांगायचे तर प्रत्येक वेळी शेपूट जोडावे लागते, सालासकट तांदूळ, उभा तांदूळ, शिजलेला तांदूळ. विद्यार्थी शब्दकोश उघडतो आणि त्याला वाटते की आपल्याला शब्द येत नाही. शब्द तिकडेच नसतो.

जपानीत मात्र उलटे होते. तिथे शेतातल्या रोपाला इने म्हणतात, सालासकट दाण्याला मोमी, तांदळाला कोमे आणि शिजलेल्या भाताला गोहान. गोहान म्हणजे जेवणही, जसे आपल्याकडे ‘भात खाल्ला का’ म्हणजे जेवलास का. जून-जुलैतल्या पावसाळ्याला त्सुयु हा स्वतंत्र शब्द आहे आणि आवणीला ताउए. वाक्यरचनाही ओळखीची, कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद, शब्दांमागे चिकटणारे छोटे अव्यय आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे, आणि वाक्याच्या टोकाला संमती मागणारा ‘ने’ आपल्या ‘ना’चा सख्खा भाऊ वाटावा असा. चौकटींच्या वहीची भीती गेली की कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याला युरोपातल्या उपाहारगृहापेक्षा जपानचे खाचर जवळचे वाटण्याचा संभव आहे. जपानी अवघड आणि फ्रेंच सोपी, ही समजूत लिपीवरून झालेली आहे, आणि ती शहरात झालेली आहे.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमांच्या ध्यानात येत नाही. या दोन तालुक्यांत ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या डोंगराच्या कडेने पसरल्या आहेत. घरची बोली ठाकरी किंवा कातकरी, अंगणवाडी-शाळेत पुस्तकी मराठी, पाचवीपासून हिंदी, सगळ्याच्या जोडीला इंग्रजी. पदवीपर्यंत पोचलेला तिथला मुलगा तीन-चार भाषांच्या उंबऱ्यांवरून आलेला असतो, आणि पहिला उंबरा सहाव्या वर्षी, कुणीही व्याकरण समजावून न देता, ओलांडलेला असतो. परकी भाषा शिकण्याचा सर्वांत जास्त सराव त्यालाच असतो. प्रवेश अर्जात मात्र ‘ज्ञात भाषा’ या रकान्यात तो मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच लिहितो.

परकी भाषा म्हणजे लांबची, हीही समजूत या मुलखात टिकत नाही. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यात, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ल्याची. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी, दान दिले आणि त्यांची नावे तिथे ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेली आहेत. बंदरातून घाटावर जाणाऱ्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी जे परदेशी आले, त्यांनी आपली ओळख इथल्या भाषेत लिहून ठेवली. पुढे फारसी दरबाराची भाषा झाली तेव्हा ती लिहिणारे मराठी कारकून तयार झाले, त्यांचे आडनाव पारसनीस. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, यावरूनच ती किती मुरली होती ते दिसते. कोशाने सगळे शब्द गेले नाहीत. खालापूरच्या कचेरीतला खातेदार दस्तऐवजाची नक्कल घेऊन तालुक्याच्या गावाहून परततो, त्या एका वाक्यात फारसी-अरबीचा अख्खा तास आहे.

पोर्तुगीजचा तास कर्जत स्टेशनवर भरतो. गाडी थांबली की फलाटावर वडापावच्या टोपल्या पुढे येतात. वडा आपला. आतला बटाटा आणि बाहेरचा पाव, दोन्ही शब्द पोर्तुगीज, आणि तळलेली मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्याच जहाजांतून आलेली. वडापाव विकणाऱ्याचा पगार, दुकानाची चावी, हात धुवायचा साबण, हेही त्याच भाषेतले. पोर्तुगीज शिकणारा विद्यार्थी पहिल्या महिन्यातच ओळखीची माणसे भेटल्यासारखा हसू लागतो. आणि हे केवळ उसने शब्दच नव्हेत. याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत, ख्रिस्ती वस्तीची मातृभाषा आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली आहे. पोर्तुगीज कोर्लईचा किल्ला सोडून गेले १७४० मध्ये. बोली राहिली.

मागच्या शतकाने परभाषा कारखान्यांच्या फाटकापाशी आणून सोडली. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, घाटावरचे पाणी नळांतून खाली उतरवून वीज करणारे. साठच्या दशकात तिथेच एक पोलाद कारखाना उभा राहिला, महिंद्र युजिन. त्या नावातले युजिन म्हणजे फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातले एक गाव, जिथे डोंगरातल्या पाण्याच्या विजेवर पोलाद वितळवण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी वाढला. तिथल्या कंपनीचे तांत्रिक सहकार्य खोपोलीला मिळाले होते. डोंगराच्या पायथ्याचे एक गाव दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याच्या गावाला जोडले गेले, आणि पाटीवर एक फ्रेंच शब्द लागला. त्या शब्दाचा पहिलाच स्वर फ्रेंचच्या वर्गात सगळ्यांना रडवतो. शीळ घालताना करतात तसे ओठ गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचे. मराठीत तो नाही, म्हणून इथे ‘यु’वर भागवले गेले.

२०१२ च्या सुमारास त्याच कारखान्यात जपानी भागीदार आला, हिमेजी शहरातली सान्यो स्पेशल स्टील, आणि नाव महिंद्र सान्यो झाले. पुढे महिंद्र गळून सान्योच राहिले. जपानीच्या पहिल्या सहामाहीतला विद्यार्थी हे नाव कांजीत पाहील तर त्यातले पहिले अक्षर त्याला नक्की वाचता येईल. तीन उभ्या रेघा, मधली उंच, खाली एक आडवी जोड. यामा, म्हणजे डोंगर. जोडशब्दात त्याचाच उच्चार सान. दुसरे अक्षर सूर्याचे, उजेडाचे. दोन्ही मिळून डोंगराची उन्हाकडची बाजू, म्हणजे दक्षिण. जपानातल्या एका प्रदेशाचे हे जुने नाव. खोपोलीची पावसाकडची बाजू आहे, हा भाग वेगळा.

अशा नात्यांतून भाषांची गरज तयार होते, पण ती गरज पदवीला विचारून होत नाही. कारखान्याला दुभाषी हवा असतो, ज्याला भट्टी आणि साचा यांचे जपानी शब्द येतात. त्याला हायकूशी कर्तव्य नसते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला, तेव्हा परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री यांनी जर्मन शिकायची, अशी भाषा निघाली. ती जर्मन रुग्णालयाची आणि कार्यशाळेची. ती शिकायला हवीच, पण पदवीची जर्मन आणि ती एक नव्हे, आणि दोन्हींना एकाच वर्गात कोंबले तर दोन्ही बिघडतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने परदेशी भाषांना चांगली जागा दिली आहे, निदान कागदावर. २०२० च्या धोरणात माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी नावे आहेत. आदल्या वर्षीच्या मसुद्यातली चिनी अंतिम मजकुरात गळाली. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली, मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय आणि खुले ऐच्छिक विषय आले. त्यात दोन क्रेडिटची परदेशी भाषा बसवता येते. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. जर्मनची पहिली पायरी चढायला ८० ते २०० तासिका लागतात असे खुद्द ग्योथे इन्स्टिट्यूट सांगते. तीस तासांत भाषा येत नाही, नमस्कार येतो. तेवढा येणेही वाईट नाही, फक्त त्याला भाषा म्हणू नये.

पूर्ण वेळ भाषेचीच पदवी हवी आणि खर्च झेपायला हवा, तर महाराष्ट्राबाहेर दोन सरकारी संस्था आहेत. दिल्लीत १९६९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ. नेहरू विद्यापीठात जपानी, चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश, फारसी, अरबी या भाषांत पहिल्या अक्षरापासून बी. ए. करता येते. वसतिगृह मिळाले तर तिथले शिक्षण पुण्यातल्या खासगी वर्गांच्या मानाने परवडते. अडचण इतकीच की अशी पदवी असते हे कर्जतच्या बारावीच्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक असते आणि घरात ‘चिनी शिकून काय करणार’ या प्रश्नाला तयार उत्तर नसते.

त्या प्रश्नाची जुनी उत्तरे मात्र मराठीत आहेत. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मूळ भाषांवरून मराठी अनुवाद केला, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी तो छापला. ज्ञानकोशकार केतकरांच्या पत्नी शीलवती, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोह्न, यांनी विंटरनिट्सचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनवरून इंग्रजीत आणला. दुसऱ्या बाजूने गी प्वातव्हँ हा फ्रेंच माणूस मराठी शिकला आणि हेमा राईरकरांबरोबर त्याने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांतल्या पुष्कळ मावळ-मुळशीच्या, म्हणजे कर्जत-खालापूरवरून मान वर केली की दिसणाऱ्या कड्यांच्या माथ्यावरच्या. हायडेलबर्गचा ग्युंटर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडला, खंडोबाच्या मागे लागला. परदेशी संस्कृतीचा अभ्यास म्हणजे काय, हे या दोघांकडून शिकावे. त्यांनी आपल्या देशात बसून मराठी उपाहारगृहातले संवाद पाठ केले नव्हते. ते जात्यापाशी आणि मेंढवाड्यात जाऊन बसले होते.

इकडून तिकडे जाणारा असा अभ्यासक अजून विरळा आहे, याचे कारण मराठीने परदेशी साहित्य बहुधा इंग्रजीच्या खिडकीतून पाहिले. ब्रेख्त आला, खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले, पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’. हायकू शिरीष पै यांनी मराठीत रुजवला. ही सगळी कामे मोठी आहेत. मूळ भाषेतून थेट मराठीत, मधला माणूस न ठेवता, हे काम पदवीवाल्यांचे आहे. भाताला भात आणि तांदळाला तांदूळ म्हणणारा अनुवादक जपानी कादंबरीला मिळाला, तर कोमे आणि गोहान यांच्यामध्ये इंग्रजी राइस येऊन बसणार नाही.

जपानीची प्रावीण्य परीक्षा वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, मुंबईत किंवा पुण्यात. जुलैचा पहिला रविवार म्हणजे कर्जतकडे आवणीची सुरुवात, आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. म्हणून परीक्षार्थी पहाटेची गाडी धरतो. घरात बाकीचे रोपे उपटायला निघालेले असतात. डब्यात खिडकीशी जागा मिळाली तर काचेवरून पाणी वाहत असते आणि मांडीवर चौकटींची वही. परीक्षेतला ऐकण्याचा भाग सर्वांत नाजूक, कारण ध्वनिफीत एकदाच वाजते. पाऊस पत्र्यावर कोसळत असला तरी ती थांबत नाही. संध्याकाळी परत येताना बदलापूरनंतर गर्दी उतरते, नेरळ-भिवपुरीच्या दरम्यान दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरे दिसतात, काही लावून झालेली, काही नुसती चिखलाची. निकाल ऑगस्टच्या अखेरीस संगणकावर लागतो. तोवर हळवा भात पोटरीला आलेला असतो.